कळफलक कोणी आखायचा?

(बी. कॉम. तृतीय वर्ष)

गेल्या वर्षीच्या अंकात माझा एक छोटा लेख आला होता. त्याचे नाव 'शेतकऱ्याचा ताळेबंद'. अंक हातात पडला आणि पाहतो तो मथळा 'शेतकयाचा ताळेबंद'! अर्धा र कोठे गळाला हे कोणालाच सांगता येईना. मी हाताने लिहिलेला कागद दिला होता. तो एका गावी टाइप झाला, दुसऱ्या गावी त्याची पाने लागली, आणि एका फॉन्टमधून दुसऱ्या फॉन्टमध्ये जाताना 'ऱ्या'चा 'या' झाला. त्याच अंकाच्या कन्नड विभागात माझ्या वर्गातील एका मैत्रिणीची कविता होती. तिच्या ओळींतील ओत्तक्षरे, म्हणजे कन्नडात मूळ अक्षराच्या पायाशी बसणारी जोड-अक्षरे, पायथ्यापासून सुटून शेजारी जाऊन बसली होती. आम्ही एकमेकांची पाने पाहून हसलो. पण घरी जाताना मनात एक प्रश्न राहिला. आपले अक्षर आपण स्वतः का उमटवत नाही?

उत्तर सोपे आहे. आपल्याला ते येत नाही. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो. पाटीवर, वहीवर, फळ्यावर माझी मराठी मोकळी चालते. संगणकासमोर बसलो की ती मुकी होते. मित्राला निरोप धाडायचा तर 'मी येतो' हे रोमन अक्षरांत लिहायचे, आणि कन्नड मित्रांचेही तेच. टंकलेखन शिकायचे म्हटले तर इकडे कन्नड व इंग्रजीचे वर्ग. मराठीच्या शासकीय परीक्षेसाठी सीमा ओलांडून कागल-कोल्हापूरकडे जायचे. दोन परीक्षा, दोन फिया, आणि बोटांना दोन वेगळ्या सवयी. चिकोडी-निपाणी भागातील माझ्यासारख्या मुलाला नोकरीसाठी कन्नड हवे आणि जिवाभावाचे लिहायला मराठी. त्याने कोणती बोटे कोणत्या भाषेला द्यावीत?

या प्रश्नापायी आम्ही सहा जणांनी एक उद्योग आरंभिला आहे. आम्ही स्वतःचा एक लहान कळफलक तयार करीत आहोत. काही प्राध्यापकांना हा पोरखेळ वाटतो, काही मित्रांना श्रीमंतांचा छंद. त्या दोघांनाही उत्तर द्यावे आणि त्यानिमित्ताने एक मत मांडावे, एवढ्यासाठी हा लेख. ते मत असे की, ज्या साधनावर आपण रोज हात ठेवतो त्याची आखणी निदान एकदा तरी आपण स्वतः तपासून पाहिली पाहिजे.

आज आपल्यासमोर जो कळफलक असतो तो आला कोठून? अमेरिकेतील मिलवॉकी गावी ख्रिस्तोफर शोल्स नावाचा एक वृत्तपत्रवाला होता. त्याने सहकाऱ्यांसह १८६८ साली टंकयंत्राचे पेटंट घेतले आणि १८७४ पासून रेमिंग्टन कंपनीने ते यंत्र बाजारात विकले. त्या यंत्राच्या लोखंडी दांड्या आणि इंग्रजीची गरज यांच्या मेळातून अक्षरांची जी मांडणी ठरली, तीच थोड्याफार फरकाने आजतागायत चालू आहे. दांड्या गेल्या, शाईची फीत गेली, यंत्रच गेले; मांडणी मात्र राहिली. आपल्याकडे गोदरेजने १९५५ साली पहिला भारतीय टाइपरायटर काढला आणि पुढे कचेऱ्या-कचेऱ्यांत देशी भाषांची यंत्रेही खडखडू लागली. पण चाळीस-पंचेचाळीस कळा आणि प्रत्येकीवर दोनच खिळे, म्हणजे नव्वदच्या आसपास चिन्हे. तेवढ्यात बाराखडी, जोडाक्षरे, अंक, सगळे बसवायचे! मग अक्षरांचे तुकडे करणे भाग पडले. अर्धे अक्षर एका कळेवर, काना दुसऱ्या कळेवर. 'कि' म्हणताना आधी क उच्चारतो, पण यंत्रावर वेलांटी आधी मारायची. भाषेने यंत्रापुढे मान तुकविली. त्या काळी इलाज नव्हता. ज्यांनी त्या यंत्रावर मिनिटाला चाळीस शब्द काढले त्या जुन्या टंकलेखकांना माझा नमस्कारच आहे. पण संगणकात दांड्याही नाहीत आणि खिळेही नाहीत. मग ती मोडतोड आपण आता का सोसावी?

हा विचार आपल्याच देशातील जाणत्या मंडळींनी आमच्या जन्माच्या कितीतरी आधी केलेला आहे, हे मला या उद्योगात पडल्यावर कळले. कानपूरच्या आय. आय. टी. मध्ये भारतीय लिप्यांचे संगणकावरील काम सुरू झाले. त्यात मोहन तांबे यांचा मोठा वाटा होता. पुढे १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेत ते काम वाढले. सर्व भारतीय लिप्यांसाठी एकच कळफलक असावा असे ठरून केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली तशी मांडणी काढली, आणि १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोच्या मानकात तिला जागा मिळाली. तिचे नाव इनस्क्रिप्ट. आज जवळजवळ प्रत्येक संगणकात ती फुकट असते. आपण ती चालू करीत नाही, इतकेच.

इनस्क्रिप्टची युक्ती साधी आहे. देवनागरी आणि कन्नड दिसायला वेगळ्या, पण दोघींची आजी एकच, ब्राह्मी. म्हणून दोघींची वर्णमाला सारखी. क ख ग घ, च छ ज झ हा क्रम दोन्ही शाळांतील पहिलीच्या वर्गात एकाच चालीत म्हटला जातो. तेव्हा क कोठे असावा हे एकदा ठरले की तो दोन्ही लिप्यांत त्याच कळेवर. मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. अल्पप्राण खाली, त्याचा महाप्राण त्याच कळेवर शिफ्ट दाबून: क वर ख, ग वर घ, त वर थ, द वर ध. आणि हिंदीला ज्याचे फारसे काम नाही पण मराठीचे नि कन्नडचे ज्यावाचून पान हलत नाही, तो ळ ठेवला आहे ल च्या डोक्यावर.

एक उदाहरण देतो. आपल्या भागात थोरल्या बहिणीला मराठी घरातही अक्का म्हणतात आणि कन्नड घरातही. इनस्क्रिप्टवर कन्नड मुलगा मारतो: अ, क, हलन्त, क. चार ठोके. मराठी मुलगा मारतो: अ, क, हलन्त, क, काना. पाच ठोके. कळा त्याच, बोटे तीच, क्रम तोच. मराठीत शेवटी एक काना जास्त, एवढाच फरक. अण्णाचेही तसेच. कन्नडात त्याचा शेवट ऱ्हस्व, मराठीत काना. पडद्यावर एकाचे जोडाक्षर शेजारी लागते, दुसऱ्याचे पायाशी बसते. ते काम संगणक करतो. तात्पर्य, ज्याला एका भाषेचे टंकलेखन आले त्याला दुसरीचे बारा आणे आधीच आलेले असते. दोन परीक्षा, दोन फिया असे मी वर रडलो होतो, त्यातले निम्मे रडणे माझ्या अज्ञानाचे होते.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. आकड्यांनी पटते ते मला लवकर पटते. संगणकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. युनिकोडमध्ये देवनागरी क चा क्रमांक २३२५, कन्नड क चा ३२२१. फरक ८९६. देवनागरी ळ २३५५, कन्नड ळ ३२५१. फरक पुन्हा ८९६. मी एक दुपार घालवून पुष्कळ अक्षरांची वजाबाकी करून पाहिली. दर वेळी तेच उत्तर. एका लिपीची खतावणी दुसऱ्या लिपीशी इतकी बिनचूक जुळलेली पाहून मला खरोखर आनंद झाला.

कर्नाटकात दुसरी एक मांडणी अधिक चालते, हे येथे सांगितले पाहिजे. के. पी. राव यांनी आखलेली ती मांडणी राज्य सरकारने मान्य केली असून कन्नड गणक परिषदेच्या 'नुडी' या प्रणालीबरोबर ती घरोघर पोचली आहे. इंग्रजी अक्षराच्या उच्चाराप्रमाणे कन्नड अक्षर, अशी तिची रीत. शिकायला सोपी आणि कमी कळांत बसणारी. तिच्यावर टीका करण्याचा माझा अधिकार नाही. पण तिच्यासाठी आधी इंग्रजी कळफलक ठाऊक असावा लागतो, आणि माझा प्रश्न दोन देशी भाषांना एका सवयीत बसविण्याचा आहे. म्हणून आम्ही इनस्क्रिप्ट धरली.

आता कोणी विचारील, मांडणी फुकट मिळते तर नवा कळफलक कशाला? प्रश्न रास्त आहे. नुसते टाइप करायला नवा कळफलक लागत नाही, हे मी आधीच कबूल करतो. आमचा निपाणीहून येणारा एक मित्र विज्ञान शाखेचा आहे. त्याला या छंदाचे वेड लागले आणि त्याने ते आम्हाला लावले. जगभर असे छंदिष्ट आहेत. ते कळफलक विकत घेत नाहीत, जुळवतात. प्रत्येक कळेखाली स्वतंत्र यांत्रिक स्विच असतो: एक आवरण, एक दांडी, एक स्प्रिंग आणि तांब्याच्या मिश्रधातूच्या दोन पट्ट्या. जर्मनीच्या चेरी कंपनीने १९८० नंतरच्या दशकात आणलेला स्विच या छंदाचा मूळपुरुष. कळ चार मिलिमीटर खाली जाते, पण दोन मिलिमीटरवरच अक्षर उमटते. शेवटपर्यंत ठोकावे लागत नाही. त्या रचनेच्या पेटंटची मुदत संपली आणि इतर कंपन्यांनीही तसेच स्विच काढले, म्हणून आज ते आमच्या खिशाला परवडतात.

या छंदातील एक पंथ लहान कळफलकांचा. नेहमीच्या कळफलकावर शंभरावर कळा असतात. जपानचे प्राध्यापक एइइति वादा यांना त्या नकोशा वाटल्या आणि त्यांच्या कल्पनेवरून १९९६ साली साठ कळांचा एक कळफलक निघाला. त्यांचे म्हणणे असे, की घोडा बदलला तरी स्वार आपले खोगीर जपतो. संगणक बदलत जातील, कळफलक हे आपले खोगीर. पुढे छंदिष्टांनी कळा आणखी कमी केल्या. 'प्लँक' नावाची एक प्रसिद्ध रचना आहे. बारा उभ्या आणि चार आडव्या रांगा, जास्तीत जास्त ४८ कळा. बोट फार लांब न्यावे लागत नाही. अंक आणि चिन्हे दुसऱ्या थरात. एक कळ दाबून धरली की त्याच कळा अंकांच्या होतात.

आम्ही ठरविले, हीच रचना घेऊ. कागदावर चौकोन आखले, इनस्क्रिप्टची अक्षरे त्यांत भरली आणि चाचणी म्हणून पहिला शब्द घेतला: चिकोडी. च, ऱ्हस्व वेलांटी, क, ओकार, आणि मग ड... ड नव्हता! इनस्क्रिप्टमध्ये ड बसतो इंग्रजीच्या चौकटी कंसाच्या कळेवर. इंग्रजीला कंस क्वचित लागतो, म्हणून त्या रचनाकारांनी ती कळ पहिल्याच फटक्यात काढून टाकलेली. त्यांचे चुकले नाही. त्यांच्या भाषेला ड नाही. पण जगात नावाजलेल्या त्या सुटसुटीत कळफलकावर आम्हाला आमच्या गावाचे नाव सरळ लिहिता येत नव्हते. मराठीतही नाही, आणि क द्वित्त होऊन जे कन्नड नाव होते तेही नाही. त्या दिवशी मला कळले की लहान करणे म्हणजे काय ठेवायचे हे ठरविणे, आणि ते ठरविणारा माणूस आपल्या भाषेचा नसेल तर जाते ते आपले.

मग आम्ही बाराऐवजी तेरा उभ्या रांगा घेतल्या. वरच्या तीन रांगांत ३९ कळा, त्यांत ३३ अक्षरांच्या. ड परत आला. मग दुसरे तंटे निघाले. ऋकार नसेल तर कृष्णा लिहिता येत नाही, आणि कृष्णाकाठच्या माणसांनी असा कळफलक काढला तर लोक काय म्हणतील? 'कॉलेज' लिहायला मराठीला ॉ लागतो. कन्नडला तो नको, त्यांच्यात सरळ काना चालतो. उलट कन्नडला ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ वेगळे लागतात, मराठीत ते लेखनात नाहीतच. प्रत्येक कळेवर आम्ही सभा भरविली. अखेरीस ऋकार आणि कन्नडचा ऱ्हस्व ओ तळच्या रांगेत अंगठ्यांजवळ बसले, ॉ ला य शेजारी जागा मिळाली, ज्ञ आणि क्ष अंकांच्या थरात शिफ्टवर राहिले. तळच्या रांगेत नऊ कळा, त्यांतील एक भाषा बदलण्याची. एकूण ४८. रुंदी सुमारे २४८ मिलिमीटर, उंची सुमारे ७६; आपल्या फूटपट्टीपेक्षाही आखूड.

बांधणीचे थोडक्यात सांगतो. दीड मिलिमीटर जाडीच्या पत्र्यात १४ मिलिमीटरची चौकोनी भोके कोल्हापुरात लेसरने कापून आणली. खालची पेटी एका मित्राच्या काकांनी सागवानी फळीतून करून दिली. ४८ कळांना ४८ तारा लागू नयेत म्हणून आडव्या ४ आणि उभ्या १३ अशा १७ तारांचे जाळे विणतात; कोणत्या छेदावर कळ दाबली गेली हे लहानशी संगणक-चकती क्षणोक्षणी पाहत राहते. तीन कळा एकदम दबल्या तर चौथी न दाबता दाबल्यासारखी भासू नये म्हणून प्रत्येक कळेला एक डायोड. तो वीज एकाच दिशेने जाऊ देतो. डाख द्यायला गावातील एका मोबाईल दुरुस्तीवाल्यांनी शिकविले. माझ्याकडे दुसरी आडवी रांग होती. मी तेराही डायोड उलटे लावले! कळफलक जोडला तेव्हा वरची आणि खालची रांग बोलते, आणि मधली, जिच्यात प, र, क, त, च, ट आहेत ती, ठार मुकी. मराठी आणि कन्नड दोन्ही एकदम मुक्या. सगळे डायोड काढून फिरवायला एक रविवार गेला. कळफलकाची बुद्धी म्हणजे त्या चकतीत भरायची आज्ञावली. ती 'क्यू. एम. के.' नावाने मोफत मिळते. जगातल्या अनेक छंदिष्टांनी मिळून ती लिहिली आहे आणि कोणीही ती बदलून घेऊ शकतो.

खरा कठीण प्रश्न डायोडचा नव्हता. तो आला कळेवरच्या टोप्यांवर अक्षरे लावताना. दोन्ही लिप्या एका टोपीवर. मग वर कोणती आणि खाली कोणती? आपल्या भागात पाट्यांवरून काय काय होते हे मी सांगायला नको. राज्यपुनर्रचना १९५६ ची. सीमेचा दावा २००४ सालापासून सर्वोच्च न्यायालयात. ते मोठ्यांचे काम आहे आणि आमच्या ४८ कळांनी ते सुटणार नाही. पण तेवढ्याशा टोपीवर तोच वाद आमच्या सहा जणांत उभा राहिला, हे लपविण्यात अर्थ नाही. आठवडाभर दोघे जण एकमेकांशी बोलत नव्हते. त्यांतील एक मी. एकाने सुचविले, टोप्या कोऱ्याच ठेवू. ते मला पटले नाही. कोरे ठेवणे म्हणजे भांडण मिटविणे नव्हे, आणि नवशिक्याला कोऱ्या कळा काय शिकविणार? शेवटी वर-खाली सोडून शेजारी-शेजारी, सारख्या उंचीची अक्षरे ठरली. नंबरप्लेटची अक्षरे कापणाऱ्या रेडियमवाल्याने सहा मिलिमीटरच्या खाली क ची गाठ तुटते म्हणून हात टेकले, तेव्हा छापील चिकट-पत्रे करून घेतली. डावी बाजू कोणाची? नाणे उडविले. कन्नड डावीकडे गेले.

मला वाईट वाटले नाही असे म्हटले तर ते खोटे ठरेल. दोन दिवस वाटले. मग मी रोज अर्धा तास बोटे चालवू लागलो आणि दोन-तीन आठवड्यांत अक्षरांकडे पाहण्याची गरजच उरली नाही. वर्गातील ती मैत्रीण एकदा म्हणाली, "अरे, डोळे मिटून मार ना! मग डावीकडे कोण, उजवीकडे कोण, काय फरक पडतो?" तिचे म्हणणे सोळा आणे खरे. श्रवणबेळगोळला दहाव्या शतकाच्या अखेरीस उभारलेल्या गोमटेश्वराच्या पायाशी कन्नड, तमिळ आणि मराठी अशा तिन्ही भाषांचे लेख कोरलेले आहेत. इतक्या शतकांत त्या दगडावर ते एकमेकांना टोचलेले नाहीत. सहा मिलिमीटरच्या जागेत आपल्यालाच का टोचावे?

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला, खर्चाचा. हिशेब उघड मांडतो. ४८ स्विच २५ रुपये दराने १२००, डायोड ४८, संगणक-चकती ३५०, पत्रा ४००, टोप्या ८५०, चिकट-पत्रे १००, तारा १००. एकूण ३०४८ रुपये. साधा कळफलक चार-पाचशेला मिळतो. म्हणजे आमचा सहापट महाग. पण आम्ही दरमहा दोनशेची भिशी लावली; सहा जणांचे तीन महिन्यांत ३६०० जमले. एका सिनेमाच्या आणि चार चहांच्या पैशात प्रत्येकाचा वाटा निघाला. शिवाय या किमतीतला मोठा भाग पहिल्या नगाचा आहे, हे वाणिज्याच्या विद्यार्थ्याला समजावून सांगायला नको. आखणीचा खर्च एकदाच. छापील मंडलाची मागणी पाच नगांची केली तर तारांचे विणकाम वाचते आणि दर नगावरचा बोजा उतरतो. म्हणूनच या छंदात लोक आधी पैसे गोळा करतात, मग माल मागवितात. आपल्या आयाबायांची भिशी आणि गावची सोसायटी यांहून ते वेगळे नाही. शेजारच्या हुक्केरी तालुक्यात १९६९ सालापासून ग्रामीण वीज सहकारी संस्था आहे. गावोगावी वीज सहकारातून पोचू शकते, तर ४८ कळा सहकारातून का होऊ नयेत?

दुसरा आक्षेप असा की आता मोबाईलशी बोलले की तो लिहितो. कळा हव्यात कशाला? बोलून पाहा. आपल्या बोलीत मराठी वाक्यात कन्नड शब्द आणि कन्नड वाक्यात मराठी शब्द सर्रास येतात. यंत्र तिथेच अडखळते. आणि वाचनालयात, कचेरीत, वर्गात मोठ्याने बोलून लिहिता येत नाही. लिहिताना माणूस शब्द बदलतो, थांबतो, खोडतो. ते बोटांचे काम आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत लागला. 'कॉमर्सवाल्यांनी तारा जोडण्यात वेळ का घालवावा?' याला उत्तर बेळगावातच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. त्यांनी १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान काढले. पुढे परदेशी नांगर पाहून त्यांनी आपल्या जमिनीला मानवेल असा लोखंडी नांगर घडविला. लोखंडाने जमीन नासते या समजुतीने शेतकरी तो घेईनात. पहिले नांगर विकायला दोन वर्षे गेली. १९१० साली त्यांनी माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली. दुकान, कारखाना, हिशेब आणि हत्यार या गोष्टी त्यांच्या आयुष्यात वेगळ्या शाखांच्या नव्हत्या. आमची त्यांच्याशी तुलना नाही. पण परक्या जमिनीसाठी केलेले अवजार आपल्या जमिनीत चालवून पाहायचे, अडले तर बदलायचे, हा धडा या जिल्ह्याने एकदा दिलेला आहे.

शेवटी काही मागणे. आमचा कळफलक सगळ्यांनी करावा असे मी म्हणत नाही. पण आपल्या संगणक-कक्षातील कळफलकांवर दोन्ही लिप्यांची चिकट-पत्रे लावावीत. खर्च नगामागे शंभराच्या घरात. दोन्ही लिप्यांची इनस्क्रिप्ट चालू करून ठेवावी, खर्च शून्य. आठवड्यातून एक तास टंकलेखनाचा सराव असावा आणि त्यात मराठी व कन्नड विभागांची मुले एकत्र बसावीत. आणि या वार्षिकाचे दोन्ही विभाग पुढील वर्षापासून विद्यार्थ्यांनीच टाइप करावेत. चुका होतील, पण त्या आपल्या असतील आणि आपल्याला दुरुस्त करता येतील. दुसरा कळफलक तयार झाला की पहिला ग्रंथालयाला द्यावा असे आम्ही ठरविले आहे. प्राचार्यांनी त्याला एक कोपरा आणि एक टेबल द्यावे, एवढी विनंती.

हा लेख मी त्याच कळफलकावर स्वतः टाइप करून दिला आहे. 'शेतकऱ्याचा' या शब्दातील अर्धा र या खेपेस जागेवर आहे की नाही, तेवढे वाचकांनी पाहावे.